टाकायचं पाणी

शालनबाईंविषयी दोन शब्द बोला, असं बुद्धप्रियानं सांगितलं तेव्हा त्रिंबकरावांच्या लक्षात आलं, की आपल्याला त्यांची माहिती जेमतेम दोन शब्दांचीच आहे.

शालनबाई गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. विहारासमोर मांडव घातला होता, फोटोला पांढऱ्या फुलांचा हार होता आणि बुद्धप्रिया, शालनबाईंची एकुलती एक लेक, माईक हातात घेऊन एकेकाचं नाव पुकारत होती. कुणी सांगितलं, शालनबाईंचं माहेर मैंदर्गी. कुणी सांगितलं, त्या कानडी इतकं झकास बोलायच्या की अक्कलकोटच्या बाजारात त्यांना कुणी परकं समजत नसे. शेजारच्या बाईंनी सांगितलं, की विहारातल्या वाचनाला त्या कधी चुकल्या नाहीत. त्रिंबकराव ऐकत राहिले. सहा वर्षं एका छताखाली काम केलं, आणि यातलं एकही त्यांना ठाऊक नव्हतं.

मग त्यांचं नाव आलं. ते उठले, माईक तोंडापासून फार लांब धरला आणि म्हणाले, "शालनबाई वक्तशीर होत्या." एवढं बोलून खाली बसले.

बसल्यावर आठवलं, की हे काही खरं नाही. दर पाचव्या दिवशी त्या हटकून उशिरा येत. कारण पाचव्या दिवशी त्यांच्या वस्तीत नळाला पाणी येई, आणि पाणी सोडून कामावर येणारं माणूस सोलापुरात अजून जन्माला यायचं आहे.

तर जे थोडं माहीत आहे, ते या पाण्यापासूनच सुरू होतं.

दवाखाना दाताचा. डॉक्टर इंद्रायणी मॅडम वयानं तरुण, हात हलका, पण लहान मुलं दारातूनच रडायला लागत. त्रिंबकराव बाहेरच्या टेबलाशी बसून पेशंटची नावं लिहून घेत. शाळेत चाळीस वर्षं कारकुनी केली होती, घरी बसून करमेना, म्हणून हे काम धरलं होतं. झाडणं, पुसणं, अवजारं उकळणं, रडणाऱ्या पोराला कडेवर घेणं, हे सगळं शालनबाईंकडे. त्या त्यांना काका म्हणत. ते त्यांना शालनबाई म्हणत. "आज गर्दी आहे", "पंखा बंद करू का", यापलीकडे बोलणं जात नसे. त्रिंबकरावांचा स्वभावच तसा. समोरच्याला काही विचारायचं म्हणजे त्यांना आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरतोय असं वाटे.

मग मॅडमनी माशांची पेटी आणली. साधी नव्हे, खाऱ्या पाण्याची. समुद्रातले मासे, समुद्रातले खडक, पांढरी वाळू, वर निळा दिवा. पुण्याहून दिपक नावाचा माणूस येऊन सगळं बसवून गेला आणि दर दोन महिन्यांनी येऊन बघीन म्हणाला. आत नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली एक जोडी सोडली. यातली मोठी ती मादी आणि छोटा तो नर, असं दिपकनं सांगितलं, तेव्हा शालनबाई पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. "म्हंजे घर बाईच्या नावावर हाय म्हना की!" त्यांनी मोठीचं नाव मथुराबाई ठेवलं आणि छोट्याचं बाळू. आठवड्याभरात दवाखान्यातली पोरं रडायची थांबून मथुराबाई कुठं आहे ते शोधायला लागली.

पेटीची जबाबदारी कुणी शालनबाईंना दिली नव्हती. त्यांनीच ती घेतली. दिपक सांगे ते त्या एकदा ऐकत आणि आपल्या शब्दांत बसवून टाकत. पेटी नवी असताना काचेवर तपकिरी पावडर बसली. ती त्यांच्या लेखी धूळ, आणि ती आपोआप गेली. मग खडकावर हिरवे दोरे उगवले, ते केस. केस त्या बोटांनी उपटत आणि उरलेले गोगलगाई खात.

"समुद्रातलं शेवाळ बी विहिरीतल्यावानीच हाय काका," त्या म्हणत. "निसतं खारट."

पाणी उडून जाई ते वेगळंच. सोलापूरचा उन्हाळा; दुपारी पेटीतलं पाणी बोटभर खाली गेलेलं दिसे. मीठ आत राहतं, पाणी तेवढं जातं, म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या, अगदी शुद्ध पाण्याची, हे दिपकनं बजावलं होतं. त्यासाठी मोरीत गाळणीचं यंत्र बसवलं. त्याला दोन नळ्या. एकीतून शुद्ध पाणी थेंब थेंब पडे, आणि त्याच्या तिप्पट पाणी दुसरीतून वाहून जाई, सगळा क्षार आणि घाण पोटात घेऊन. शालनबाईंनी ते वाहणारं पाणी पहिल्या दिवशी पाहिलं आणि त्यांचा जीव कासावीस झाला. त्यांनी दोन सारखे पांढरे कॅन आणले. एकात शुद्ध, दुसऱ्यात ते वाया जाणारं. त्यानं फरशी पुसायची, संडासात ओतायचं. घोटाळा नको म्हणून दुसऱ्या कॅनवर मॅडमच्या जाड पेनानं ठसठशीत लिहिलं: टाकायचं.

शुद्ध पाण्याच्या कॅनवर काहीच लिहिलं नाही. चांगल्याला कशाला खूण?

पहिल्याच पाणी-दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. मागं बायकांचा कालवा, घागरींचा आवाज. "काका, नळ आलाय, मला वाईच उशीर. त्या टाकीत तेवढं पाणी टाका!" त्रिंबकराव मोरीत गेले. दोन कॅन. एकावर काही नाही, दुसऱ्यावर लिहिलेलं, टाकायचं. ते चाळीस वर्षं लिहिल्याप्रमाणे वागत आले होते. त्यांनी तो कॅन उचलला, सावकाश, सांडू न देता, चार तांबे पाणी पेटीत घातलं आणि मनात म्हणाले, बाईंनी किती व्यवस्थित लिहून ठेवलंय.

त्यानंतर दर पाचव्या दिवशी ते हेच करत राहिले.

फेब्रुवारीत वाळूच्या एका कोपऱ्यात लालसर डाग दिसला. दोन दिवसांत तो हातभर झाला. गडद, किरमिजी, बुळबुळीत. त्याखाली बारीक बुडबुडे अडकलेले. केसांसारखा उपटता येईना, पावडरीसारखा पुसता येईना. शालनबाईंनी बोटानं टोक उचललं तर अख्खा थर दुधावरच्या सायीसारखा वर आला. तिचं नाव लाल साय पडलं. दिपकनं फोनवर फोटो पाहिले आणि म्हणाला, हे शेवाळ नाहीच. शेवाळाचं सोंग घेतलेले जंतू आहेत, फार जुनी जात. पाण्यात खत वाढलं की फोफावतात. "खाणं जास्त होतंय," तो म्हणाला. "चिमूट कमी करा."

मग शालनबाईंचा दिवस साडेआठला सुरू होऊ लागला. पेशंट यायच्या आत त्या बारीक नळीचं एक टोक पेटीत सोडत, दुसरं तोंडात धरून ओढत, आणि पाणी चालू झालं की थू करून म्हणत, "आरारा, खारट!" साय नळीतून बादलीत जाई. वाळू पांढरी होई. पाच दिवसांनी साय परत. मॅडमनी सांगितलं, साय काढाल त्या दिवशी कॅलेंडरवर लाल फुली मारत जा. पाण्याच्या दिवसाभोवती शालनबाई निळा गोल आधीपासून करतच होत्या, काकांना आपला उशीर कळावा म्हणून.

त्यांनी माशांचं खाणं निम्मं केलं. मग निम्म्याचं निम्मं. मथुराबाई काचेशी येऊन तोंड उघडमीट करी, तेव्हा शालनबाई पाठ फिरवून फरशी पुसायला घेत. "बघू नगा माझ्याकडं," त्या म्हणत. "मलाच ताप झालाय तुमचा." पण त्यांना मनातून पटलं होतं, की आपल्याच हातानं जास्त पडलं. कधी दुपारी कुणी बघत नसताना त्यांनी एखादा दाणा जादा टाकलाही असेल. त्रिंबकरावांनी एकदा पाहिला होता आणि मान वळवली होती.

मार्चअखेर मॅडमनी सांगून टाकलं, की एप्रिलच्या शेवटी दिपक येईल, तोवर हे गेलं नाही तर पेटी तोच घेऊन जाईल, माशांसकट. भिंतीवर टीव्ही लावू, मुलं कार्टून बघतील. त्या दिवशी शालनबाईंनी पेटीची काच चार वेळा पुसली.

दिपकनं एक शेवटचा उपाय सांगितला: तीन दिवस पूर्ण अंधार. दिवा बंद, पेटी झाका. शालनबाईंनी घरून जाडजूड सोलापुरी चादर आणली आणि पेटीला अशी गुंडाळली, जशी तापाच्या माणसाला गुंडाळतात. पोरं विचारत, मासे कुठं गेले? "झोपल्यात. गप बस, उठतील," त्या सांगत. तिसरा दिवस पाण्याचा होता. त्रिंबकरावांनी चादरीचं टोक उचललं, आत न बघता पाणी घातलं, आणि टोक पुन्हा नीट खोचलं.

चौथ्या दिवशी चादर काढली तर वाळू मिठागरासारखी पांढरीफेक! मथुराबाई डोळे दिपल्यासारखी एका जागी उभी. शालनबाईंनी सगळ्यांना पेढा वाटला. त्रिंबकरावांनी अर्धाच घेतला, साखरेमुळे. तर त्यांनी उरलेला अर्धा कागदात बांधून घरी काकूंसाठी दिला.

दुसऱ्याच दिवशी लाल साय परत आली.

त्या संध्याकाळी त्रिंबकराव उद्याच्या नावांसाठी कॅलेंडर बघत होते. शाळेत त्यांनी हजारो रजेचे अर्ज पाहिले होते. कोणता शिक्षक बाजाराच्या दिवशी आजारी पडतो हे त्यांना कागदावरून कळे. तसंच आत्ता झालं. निळा गोल, मग दोन दिवसांनी लाल फुली. निळा गोल, लाल फुली. तीन महिने, एकदाही चूक नाही. निळ्या गोलाच्या दिवशी शालनबाई नसतात. त्या दिवशी पाण्याला हात लागतो तो फक्त आपला.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, आपल्या हाताला साबण राहत असेल. मग खणातला, पाण्यात किती काय विरघळलंय ते आकड्यात दाखवणारा पेनासारखा मीटर त्यांनी काढला. शालनबाई त्यानं रोज चांगल्या कॅनचं पाणी मोजत आणि शून्य आलं की खूश होत. त्रिंबकराव मोरीत गेले आणि मीटर 'टाकायचं' लिहिलेल्या कॅनमध्ये बुडवला. चौदाशे ऐंशी. यंत्र बिघडलं असं समजून त्यांनी दुसऱ्या कॅनमध्ये बुडवला. शून्य.

ते त्या शब्दाकडे बघत उभे राहिले. भाजीत मीठ टाकतात. कचराही टाकतात. हे चाळीस वर्षांच्या कारकुनाला सुचू नये!

उद्या सांगू, असं ठरवून ते घरी गेले. पण दुसऱ्या दिवशी ते तोंड उघडणार तोच मॅडम बाहेर आल्या, पेटीकडे बघितलं आणि पेशंट बसलेले असतानाच म्हणाल्या, "शालनमावशी, किती वेळा सांगितलं, जास्त घालू नका म्हणून? तुम्हाला माया करायची ती घरी करा. रविवारी दिपक येतोय, पेटी जाईल."

शालनबाई म्हणाल्या, "व्हय मॅडम."

त्रिंबकरावांनी मान खाली घातली आणि समोरच्या पेशंटचं नाव वहीत दोनदा लिहिलं.

दुपारी दवाखाना रिकामा झाला. शालनबाई मागच्या पायरीवर डबा उघडून बसल्या होत्या. त्रिंबकराव कॅन घेऊन त्यांच्यासमोर उभे राहिले.

"शालनबाई, थोडं बोलायचं होतं."

"बोला की. उभं ऱ्हाऊन काय बोलताय, बसा."

"ती लाल साय माझ्यामुळे येते."

"तुमी काय, माशास्नी चोरून भाकरी घालता व्हय?"

"नाही. हे बघा. यावर काय लिहिलंय?"

"टाकायचं."

"मी टाकत आलो."

शालनबाईंनी घास हातात धरून कॅनकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "कुटं?"

"टाकीत. दर पाचव्या दिवशी. चार तांबे."

मग शालनबाईंनी घास डब्यात ठेवला, पदर तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. त्या रडताहेत असं वाटून त्रिंबकराव घाबरले. त्या हसत होत्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग त्यातलं कोणतं पाणी हसण्याचं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"आवो काका! टाकायचं म्हंजे टाकून द्यायचं!"

"मला वाटलं, टाकायचं म्हणजे घालायचं."

"चाळीस वर्सं कारकुनी केली न्हवं तुमी?"

"म्हणून तर. लिहिलंय तसं केलं."

"आनि मी त्या मथुराबाईला तीन म्हैने उपाशी मारली!" त्यांनी डोळे पुसले. थोडा वेळ कॅनवरच्या अक्षरांवरून बोट फिरवत बसल्या. मग आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "ह्यो सबुद माझ्या लई वळकीचा हाय. बावीस वर्सांची हुते, लेक पोटात. नवऱ्यानं सोडली. माहेरात समदी म्हनायची, शालन टाकलेली हाय. कुनी पानी मागितलं तरी, त्या टाकलेलीकडून घ्या, म्हनायचे. तवाच हितं आले, सोलापुरात. आनि बगा, लिवायची पाळी आली तर ह्योच लिवला."

त्रिंबकरावांना खूप काही म्हणावंसं वाटलं. ते म्हणाले, "चहा सांगू का?"

"सांगा. आनि मॅडमला काय बी बोलू नगा. या वयात कशाला बोलून घेताय? मी सांगते, मीच निम्मं लिवलं."

"नाही. मीच सांगणार."

ते म्हणाले आणि मॅडमच्या दाराशी गेले. शालनबाई मागोमाग कॅन घेऊन आल्याच.

"मॅडम, माझी चूक झाली," त्रिंबकराव म्हणाले.

"न्हाय मॅडम, चूक माझी. निम्मंच लिवलं."

"मी विचारायला हवं होतं."

"मी सांगाया पायजे हुतं."

"एकेकानं बोला!" मॅडम ओरडल्या. सगळं ऐकून त्यांनी कॅन फिरवला आणि वाचला. मग म्हणाल्या, "टाकायचं. मी असते तर मीसुद्धा घातलंच असतं." त्यांनी दिपकला फोन लावला. त्यानं कपाळ बडवून घेतल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. रविवार पुढं ढकलला. मे महिना मिळाला. फोन ठेवून मॅडम पेटीपाशी आल्या आणि शालनबाईंकडे न बघता, काचेकडे बघत म्हणाल्या, "मावशी, मथुराबाईला आजपासून दोन वेळा घाला. पोटभर." त्यांनी माफी मागितली ती अशी. शालनबाईंना ती पुरली.

त्या दिवशी कॅनवर नवीन अक्षरं आली. एकावर 'माशाचं', दुसऱ्यावर 'फरशीचं'. दर आठवड्याला थोडं जुनं पाणी काढून शुद्ध पाण्यात मीठ विरघळवून घालायचं, साय दिसली की नळीनं ओढायची, पेटीतलं पाणी हलवणारा पंखा साय येणाऱ्या कोपऱ्याकडे वळवायचा, असं चाललं. साय एका दिवसात गेली नाही. हाताएवढी होती ती तळव्याएवढी झाली, मग रुपयाएवढी. मेअखेर दिपक आला आणि पेटी न घेता गेला. खडकामागं एक छोटा लाल ठिपका तेवढा राहिलाच. तो पूर्ण कधीच जात नाही, दिपक म्हणाला, फक्त वाढू द्यायचा नाही. शालनबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की तेवढा. त्याला बी जागा पायजेच."

त्यानंतर दोन वर्षं पेटी चांगली राहिली. त्रिंबकराव आणि शालनबाई पुन्हा "आज गर्दी आहे" आणि "पंखा बंद करू का" यावर आले. फक्त एक गंमत दोघांत उरली होती, पाण्याच्या आदल्या दिवशीची, आणि ती तिसऱ्या कुणाला कळत नसे.

ज्या दिवशी त्या आल्या नाहीत, तो पाण्याचाच दिवस होता. त्यामुळे अकरा वाजेपर्यंत दवाखान्यात कुणाला काही वाटलं नाही. पहाटे नळापाशी, घागर भरत आली असताना त्या खाली बसल्या त्या बसल्याच, हे बुद्धप्रियाच्या फोनवरून कळलं. त्रिंबकरावांनी तोवर पेटीत पाणी घातलं होतं. बरोबर कॅनमधलं.

हे सगळं मांडवात सांगता आलं असतं. पण माईकवर इतकं बोलायचं त्यांना जमलं नसतं, आणि पाणी, कॅन, साय यांत लोकांना काय कळणार, असंही वाटलं. शालनबाई गेल्या त्याच्या आदल्या संध्याकाळचं बोलणं मात्र त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं. शालनबाईंनी पिशवी खांद्याला लावली होती, चपला घातल्या होत्या, आणि दारातून वळून त्या म्हणाल्या होत्या:

"काका, उद्या पानी हाय. मला उशीर. टाकीत तेवढं पानी टाका."

"कुठलं?"

"टाकायचं न्हवं. माशाचं."

"टाकतो."